निरीक्षणगृहातून परत वर्गात: मुलाचं शिक्षण तुटू नये म्हणून काय करावं

निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराखालच्या मुलांना चौकशी सुरू असताना ठेवतात त्या संस्थेत, आलेला मुलगा तिथे किती दिवस राहील, हे पहिल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. जामीन झाला तर चार दिवसांत घरी जातो, चौकशी लांबली तर महिनोन्‌महिने राहतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १४ प्रमाणे बाल न्याय मंडळाने (अशा मुलांची प्रकरणं चालवणारं पीठ) पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत चौकशी संपवायची असते. कारण नोंदवून ती आणखी दोन महिने वाढवता येते. त्यामुळे जूनमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपणारा अभ्यासक्रम इथे कुणाचाच पुरा होत नाही. आणि सुटकेनंतरची सोय सुटकेच्या दिवशी बघू म्हटलं, तर तोवर शाळेच्या पटावरून नाव गेलेलं असतं, परीक्षेच्या अर्जाची तारीख उलटलेली असते आणि घरच्यांनी मुलाला कुठेतरी कामाला लावायचं ठरवलेलं असतं. परतीचं काम प्रवेशाच्या आठवड्यातच सुरू करावं लागतं. पुढे जे दिलं आहे ते अधीक्षक, परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरची-शाळेची माहिती काढून मंडळाला अहवाल देणारे), संस्थेतले शिक्षक, सामाजिक कार्यकर्ते आणि ज्यांच्या शाळेत असा विद्यार्थी परत येणार आहे त्या मुख्याध्यापकांसाठी.

पहिला आठवडा

पहिले दोन-तीन दिवस चाचणी घेऊ नका. मूल घाबरलेलं असतं, झोप झालेली नसते, आणि तंबाखू, गांजा किंवा व्हाइटनरची सवय असेल तर ती अचानक तुटल्याने चिडचिड, थरथर, डोकेदुखी सुरू असते. त्या अवस्थेत काढलेली पातळी खोटी निघते आणि तीच पुढे फायलीत कायम राहते. या दिवसांत वैद्यकीय तपासणीबरोबर डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागे पडलेल्या मुलावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शिक्का वर्षानुवर्षं बसलेला असतो, आणि एका चष्म्याने त्याचं निम्मं काम होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी एकेकाला बाजूला बसवून वीस-तीस मिनिटांची तोंडी तपासणी करा. असर या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणात वापरतात तो क्रम सोपा आणि पुरेसा आहे. वाचनासाठी अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितासाठी १ ते ९ आणि मग १० ते ९९ पर्यंतच्या संख्या ओळखणं, हातच्याची दोन अंकी वजाबाकी, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागाकार. गोष्ट सहज वाचणाऱ्याला पुढे सातवी-आठवीचा उतारा द्या आणि चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. ‘कितवीत आहेस?’ या प्रश्नाचं उत्तर नोंदवून त्या इयत्तेचं पुस्तक हातात ठेवणं ही इथली सर्वांत नेहमीची चूक आहे. नववीच्या पटावरचा मुलगा परिच्छेदावर अडखळत असेल, तर नववीचं विज्ञान त्याला फक्त शरमिंदा करतं. घरची भाषाही विचारा. हिंदी, उर्दू, तेलुगू किंवा कन्नड माध्यमात शिकलेल्या मुलाची पातळी मराठी उताऱ्यावर मोजू नका.

याच आठवड्यात कागदांचा शोध सुरू व्हायला हवा. परिविक्षा अधिकाऱ्याला सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो (याच कायद्याखालच्या आदर्श नियम २०१६ मधला नमुना ६). त्यातल्या शिक्षणाच्या रकान्यात ‘नववी नापास’ एवढे दोन शब्द लिहून सोडले, तर वैयक्तिक काळजी योजना (नमुना ७) पोकळच राहते. गृहभेटीत हे विचारून घ्या: शाळेत शेवटचं कधी गेला, का थांबला, माध्यम कोणतं, वर्गशिक्षक कोण, कुठले विषय राहिलेत, दहावी-बारावीचा परीक्षा अर्ज भरला आहे का, शाळा सोडल्याचा दाखला घरी आहे की शाळेत. आधार कार्ड बघा आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर आज चालू आहे का ते तपासा. बंद पडलेल्या नंबरामुळे बँक खातं, ऑनलाइन प्रवेश, शिष्यवृत्ती सगळंच अडकतं.

दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर न्‌ अक्षर जुळते का, हेही आत्ताच पाहा. मूल शाळेच्या पटावर असताना शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत दुरुस्ती होऊ शकते. शाळा सुटल्यावर ती फार जड जाते. शाळेतल्या जन्मतारखेचं वजन इथे आणखी एका कारणाने आहे: कलम ९४ प्रमाणे वयाचा निर्णय करताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी बघितलं जातं. तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची तपासणी.

शाळेला काय सांगायचं, काय नाही

शाळेत परिविक्षा अधिकाऱ्याने पालकांबरोबर जावं. सोबत पोलीस नको. भेट मुख्याध्यापकांशी, फार तर वर्गशिक्षकांशी. सांगायचं एवढंच, की मूल काही आठवडे येऊ शकणार नाही, त्या काळात त्याचा अभ्यास सुरू आहे, नाव पटावरून काढू नये. गुन्ह्याचं कलम, एफआयआर, मंडळाचा आदेश यांतलं काहीही शाळेच्या फायलीत जाऊ देऊ नका. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता किंवा शाळा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्टाफरूममध्ये सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असते, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट शब्दांत सांगा.

काही शाळा पालकांना ‘तुम्हीच अर्ज करून दाखला घेऊन जा’ असं सुचवतात. कागदावर तो पालकांचा स्वतःचा निर्णय दिसतो, म्हणून पुढे दाद मागायला जागा राहत नाही. पालकांना आधीच सांगून ठेवा: अशा अर्जावर सही करू नका.

सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा २००९ तुमच्या बाजूने आहे. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळतं, आणि चौदा वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क राहतो. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. खरी अडचण नववीपासून पुढे सुरू होते, कारण तिथे हा कायदा संपतो. अशा वेळी दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, अंतिम आदेशाच्या वेळी बाल न्याय मंडळाला बाल न्याय अधिनियमाच्या कलम १८(२) खाली मुलाने शाळेत जावं किंवा व्यवसाय प्रशिक्षण घ्यावं असा जादा आदेश देता येतो. काळजी योजनेत शाळेचं नाव आणि इयत्ता नेमकी लिहिलेली असेल तर तो मिळणं सोपं जातं. दुसरी, जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांचं माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र. मुख्याध्यापकांना वरून आलेल्या चार ओळी पुरतात. शाळा बदलायची असेल तर नवी शाळा ऑनलाइन विनंती पाठवते आणि जुन्या शाळेला ती मान्य करावी लागते. ही विनंती महिनोन्‌महिने पडून राहू शकते, म्हणून जुन्या शाळेतल्या लिपिकाला फोन करून ती मार्गी लावा.

आतला वर्ग

एकाच खोलीत बारा ते अठरा वर्षांची मुलं, चार पातळ्या, आणि दर आठवड्याला बदलणारा पट. इथे इयत्तेप्रमाणे नव्हे, पातळीप्रमाणे गट करा. एका गटात दहा-बारापेक्षा जास्त मुलं नकोत. रोज तासभर वाचन-लेखन आणि तासभर गणित एवढं कुठल्याही कारणाने चुकू नये. बाकीचा वेळ ज्यांची परीक्षा जवळ आहे त्यांच्या विषयांना द्या.

धडे पाच ते दहा दिवसांत पुरे होतील असे तुकडे पाडून शिकवा, आणि प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पूर्ण असू द्या. अपूर्णांकांची ओळख, शेकडेवारी, पत्रलेखन, बिल वाचणं, नकाशा, बँकेची स्लिप. मंगळवारी आलेल्या मुलाला सोमवारचा धडा न कळल्याने अडायला नको. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक पानी तपासणी घ्या आणि त्यावर तारीख, विषय व शिक्षकाची सही टाका. हीच पानं पुढे शाळेला दाखवायचा पुरावा असतात. मंडळासमोर तारीख असलेल्या दिवशी मूल दिवसभर बाहेर असतं. त्या दिवसाचं काम वेगळ्या कागदावर काढून ठेवा, नाहीतर तारखांवर तारखा पडणारा मुलगाच सगळ्यात मागे राहतो.

शिक्षा म्हणून वर्ग बंद करणं बंद करा. भांडण झालं म्हणून अभ्यासातून काढलेलं मूल नेमकं ज्याची त्याला सर्वाधिक गरज आहे तेच गमावतं, आणि ज्याला वर्ग टाळायचा आहे त्याला भांडणाची युक्ती सापडते. कंपासपेटी, कात्री, ब्लेडचा शार्पनर यांची भीती वाटते म्हणून भूमितीच शिकवली जात नाही, असंही होतं. उपाय साधा आहे: वस्तू क्रमांक घालून मोजून द्या, तास संपला की मोजून परत घ्या, मोजणी पुरी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

परीक्षा

दहावी-बारावीच्या मुलांची यादी ऑक्टोबरपासूनच भिंतीवर हवी: अर्ज भरला का, फी भरली का, प्रवेशपत्र कधी मिळणार. राज्य मंडळाला ७५ टक्के उपस्थिती लागते. ती कमी पडत असेल तर संस्थेतल्या वर्गाच्या हजेरीचं प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे सवलतीचा प्रस्ताव वेळेत जायला हवा. दहावीला अनेक विषयांत ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत असतात. लेखीची काळजी सगळे घेतात, पण तोंडी, प्रात्यक्षिक आणि गृहपाठाच्या वह्या राहून जातात. त्या २० गुणांसाठी शाळेकडून वेगळी तारीख मागून घ्या.

परीक्षेला बाहेर नेण्यासाठी बाल न्याय अधिनियमाचं कलम ९८ आहे. परीक्षा, नातेवाइकाचं लग्न, मृत्यू, पालकांचं गंभीर आजारपण अशा प्रसंगी बाल न्याय मंडळ देखरेखीखाली रजा देऊ शकतं. एका वेळी साधारणपणे सात दिवसांपर्यंत, प्रवासाचा वेळ वगळून. बोर्डाचं वेळापत्रक मात्र सात दिवसांत बसत नाही. म्हणून एकच ढोबळ अर्ज करू नका. संपूर्ण वेळापत्रक जोडून प्रत्येक पेपरच्या दिवसासाठी स्वतंत्र परवानगी मागा, आणि अर्ज परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी द्या. बाल न्याय मंडळाची बैठक काही जिल्ह्यांत रोज होत नाही, आणि आदेशाची प्रत हाती यायलाही दिवस लागतात. सोबत जाणारा माणूस साध्या कपड्यांत हवा आणि गाडीवर संस्थेचं नाव नको. परीक्षा केंद्राबाहेर मित्र ओळखतील या भीतीने पेपर सोडणारी मुलं असतात.

जुनी शाळा शक्य नसेल तर

काही महिन्यांचाच खंड असेल तर जुनी शाळा हाच उत्तम मार्ग, तिथे पहिले काही दिवस अवघड गेले तरी. खंड मोठा असेल, वय सोळाच्या पुढे गेलं असेल किंवा त्या वस्तीत परत जाणंच धोक्याचं असेल, तर पर्याय बघा.

राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, नोंदणीची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, आणि सगळे विषय एकदम पेलावे लागतात. वाचन कच्चं असलेल्या मुलाला हे झेपत नाही. त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, जास्त योग्य. दहावीला वय चौदा पूर्ण असावं लागतं, पाच विषय पुरतात, नोंदणी पाच वर्षं चालते, एकेक विषय सोडवत जाता येतं, आणि दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत सुटलेले दोन विषयांपर्यंतचे गुण पुढे नेता येतात. मूल एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तरी नोंदणी वाया जात नाही. पाचवी-आठवीही न झालेल्यांसाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या समकक्ष परीक्षा आहेत. कुठलाही अर्ज भरताना मुलाच्या घरचा पत्ता द्या, संस्थेचा नको. प्रमाणपत्रावर निरीक्षणगृहाचं नाव आलं की ते प्रमाणपत्र मुलगा कुणालाही दाखवत नाही.

कौशल्य प्रशिक्षणाबद्दल एक स्पष्ट मत: मेणबत्त्या, अगरबत्त्या आणि कागदी पिशव्या यांत वेळ घालवू नका. बाहेर त्यावर कुणाचं पोट भरत नाही. आयटीआयचे वेल्डर, वायरमन असे काही व्यवसाय आठवी उत्तीर्णाला खुले आहेत आणि वय चौदा पूर्ण असलं की अर्ज करता येतो. प्रवेश वर्षातून एकदाच होतात, म्हणून आतल्या प्रशिक्षणाचा उपयोग मुलाला आठवीपर्यंत आणण्यासाठी आणि हातात हत्यार धरायची सवय लावण्यासाठी करा.

सुटकेचा दिवस

जामिनाचा आदेश दुपारी येतो आणि संध्याकाळी मूल घरी जातं. त्या घाईत कागद राहतात आणि नंतर ते घ्यायला संस्थेत परत यायला कुणालाच नको असतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक मुलाची ‘घरची फाइल’ तयार ठेवा. तीत दाखला आणि गुणपत्रिकांच्या प्रती, आधारची प्रत, पातळीचं पान, झालेल्या तुकड्यांची यादी, औषधांची चिठ्ठी, बाल न्याय मंडळाची पुढची तारीख, परिविक्षा अधिकाऱ्याचा नंबर, परीक्षेच्या तारखा आणि शाळेत कुणाला भेटायचं ते नाव. प्रकरणाचे कागद वेगळ्या फायलीत. दोन्ही एकत्र ठेवल्या की आई शाळेत सगळंच पुढे करते. चष्मा आणि वह्या मुलाच्याच आहेत, त्या संस्थेत ठेवून घेऊ नका.

पुढचे तीन महिने

पहिल्या तीन दिवसांत एक फोन, आठवड्याच्या आत घरी भेट, पंधरा दिवसांच्या आत शाळेत नाव लागलेलं. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला शाळेकडून हजेरी विचारा, नंतर पंधरवड्याने. सलग तीन दिवस गैरहजर असेल तर चौथ्या दिवशी घरी जा. महिनाअखेरीच्या अहवालाची वाट बघितली तर मूल हातातून गेलेलं असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुटलेल्या मुलाकडे विशेष लक्ष द्या. शाळा उघडेपर्यंतचे ते रिकामे आठवडे जुन्या टोळक्यासोबत जातात, म्हणून टायपिंग, पोहणं, मोबाइल दुरुस्ती, काहीही चालेल, पण रोज घराबाहेर पडून जायची एक जागा हवी.

शाळा सुटण्याचं मोठं कारण पैसा असतो. वकिलाची फी, बुडालेले रोज आणि जामिनासाठी काढलेलं कर्ज फेडायला मुलाला कामाला लावलं जातं. वकील मोफत मिळू शकतो हे घरी पहिल्याच भेटीत सांगा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे प्रत्येक बालकाला तो हक्क आहे, आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. काम करणं टळतच नसेल तर कायद्याची चौकट पालकांना आणि मालकालाही समजावून द्या: चौदाच्या आत बंदी, चौदा ते अठरा वयात धोकादायक काम नाही, विश्रांती धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही. मोठ्या शहरांत रात्रशाळा आहेत, तिथे दिवसा काम करणारं मूलही दहावीपर्यंत पोचतं.

मुलींची संख्या कमी असते म्हणून त्यांचा विचार शेवटी होतो. घरी परतलेल्या मुलीचं शिक्षण थांबवून लग्न उरकायची घाई होते. वय अठराच्या आत असेल तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर किंवा बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला कळवा, आणि शाळा लांब असेल तर वसतिगृहाची जागा सुटकेपूर्वीच बघून ठेवा.

वस्तीत चोरी झाली की जुन्या नावांची विचारपूस सुरू होते. पोलीस शाळेत आले तर मुख्याध्यापकांनी आधी पालकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला बोलवावं, आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारावं. त्या अधिकाऱ्याने मुलांशी वागताना गणवेशात असायचं नसतं. वर्गातून सर्वांदेखत मुलाला नेऊ देऊ नका. तो दिवस त्याचा शाळेतला शेवटचा दिवस ठरतो.

अठरा पूर्ण होताना

संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंतच्या आधाराची, मदत मिळू शकते. साधारण एकवीसपर्यंत, अपवादात्मक स्थितीत तेवीसपर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. अर्ज सतरा पूर्ण झाल्यावरच जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्या, आणि तोवर मुलाच्या नावाचं बँक खातं उघडून ठेवा.

नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीची भीती असते. कलम २४ प्रमाणे या कायद्याखाली दोषी ठरल्यामुळे मुलाला कुठलीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद एकच: सोळा पूर्ण झालेल्या ज्या मुलाचा खटला बाल न्यायालयाने प्रौढासारखा चालवायचं ठरवलं. कलम ७४(२) प्रमाणे प्रकरण निकाली निघालं असेल तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांना ती नोंद उघड करता येत नाही. तरीही शेरा आला, तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना दोन्ही कलमांचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, प्रत बाल न्याय मंडळाला आणि विधी सेवा प्राधिकरणाला. अर्जाला मंडळाचा अंतिम आदेश जोडा, पण नोकरी देणाऱ्याकडे त्याची प्रत पाठवू नका. आदर्श नियमांप्रमाणे दोषसिद्धीचं दप्तर अपिलाची मुदत किंवा सात वर्षं संपेपर्यंत जपून मग नष्ट करायचं असतं. ते झालं का, हे परिविक्षा अधिकाऱ्याने मंडळाकडे विचारून नोंदवून ठेवावं.